कोंडाजीआण्णांची फायरवॉल

माझे सासरे कोंडाजीआण्णा प्रेसमध्ये गेटवर होते. प्रेस म्हटलं की नाशिकबाहेरच्या माणसाला वर्तमानपत्र आठवतं. आमच्या नाशिकरोडला प्रेस म्हणजे नोटांचा छापखाना, आणि त्याच्या गेटवर असणं म्हणजे साधी गोष्ट नाही. आत जाणाऱ्याला ते तपासायचे आणि बाहेर येणाऱ्याला त्याहून जास्त तपासायचे. आत जाताना माणूस फार तर तंबाखू नेईल, पण बाहेर येताना काय नेईल याचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं. एवढं एक वाक्य सोडलं तर नोकरीबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. प्रेसवाल्यांची रीतच तशी. आमच्या जेलरोडच्या गल्लीत निम्मी घरं प्रेसवाल्यांची. संध्याकाळी सगळे ओट्यावर बसून कांद्याचे भाव, पोरींची लग्नं, नळाचं पाणी यावर तावातावाने बोलायचे, पण गेटच्या आतला विषय कुणी काढायचं नाही. माझ्या सासूबाई नवसाबाई म्हणायच्या, ‘मी माणसाशी लगीन केलं का तिजोरीशी, अजून कळलं नाय.’

आण्णा निवृत्त झाले आणि राखायला काही उरलं नाही. मग त्यांनी नळ राखला, मोटारीचं बटण राखलं, कपड्यांची दोरी राखली. शेजारची मांजर जिन्यात आली की तिलाही ‘कुठं?’ म्हणून विचारायचे. मी नवी सून. मी भाजीला निघाले तरी चपला घालताना मागून ‘कुठं?’ यायचंच. पहिल्या महिन्यात मला त्याचा राग यायचा. नंतर मी स्वतःच दारात उभी राहून सांगायला लागले, ‘आण्णा, बिटको चौकात जाते, कोथिंबीर आणते, अर्ध्या तासात येते.’ मग ते मान हलवायचे आणि मी सुटायची.

अशा माणसाच्या हातात माझ्या नवऱ्याने फायरवॉल दिली.

झालं असं, की दोन हजार सहा साली मयूरने घरात कॉम्प्युटर आणला आणि त्याला टेलिफोनच्या वायरीवरून ब्रॉडबँड जोडून घेतलं. कॉम्प्युटर ठेवला पुढच्या खोलीत, आण्णांच्या दिवाणाशेजारी, कारण प्लगची जागा तिथेच होती. मयूरचा मावसभाऊ जीवन एकदा गाण्यांची सीडी घेऊन आला. गाणी ऐकून गेला आणि जाताना व्हायरस ठेवून गेला. दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर आपोआप अशी काही चित्रं उघडायला लागली, की सासूबाईंनी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला आणि देवाला हात जोडले. मग मयूरने सगळं पुसून नव्याने भरलं आणि एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतली फुकटची फायरवॉल बसवली.

ती फायरवॉल फार चौकस होती. काही आत यायला निघालं की विचारायची, येऊ द्यायचं का? काही बाहेर जायला निघालं की विचारायची, जाऊ द्यायचं का? खाली दोन बटणं, सोडा आणि अडवा, आणि बाजूला एक छोटा चौकोन, की हेच उत्तर कायमचं धरायचं का. मयूर एका दिवसात वैतागला. आण्णा दिवाणावरून चष्मा वर करून बघत होते.

‘हे काय इचारतंय रे सारखं?’

‘काही नाही आण्णा. कोण आत येतंय, कोण बाहेर जातंय, ते दाखवतं. सोडायचं का अडवायचं, ते आपण सांगायचं.’

आण्णांचा चेहरा असा उजळला, की लग्नाच्या फोटोतही मी त्यांना तसं बघितलेलं नाही. ते उठले, शर्ट घातला, खुर्ची ओढली आणि बसले. मयूरला वाटलं, बरं झालं, म्हातारा गुंतला. पासवर्ड ठेवायचं काम त्याने त्यांच्यावरच सोपवलं. आण्णांनी आम्हाला तोंड फिरवायला लावून तो टाईप केला. आजपर्यंत तो घरात कुणालाही माहीत नाही. तेव्हापासून फायरवॉलचे प्रश्न पासवर्ड टाकल्यावरच दिसायचे, आणि आण्णा खुर्चीत बसून उत्तर देईपर्यंत नवं जे काही येईल-जाईल ते अडकूनच राहायचं.

त्यांचं इंग्रजी गेटपासापुरतं, पण तेवढं पुरायचं. ब्राउझरला त्यांनी दोन दिवस पारखून सोडलं. ‘हा रोजचा हाय,’ म्हणाले. प्रिंटरचा प्रोग्रॅम बाहेर जायला बघत होता, तो आठवडाभर अडकला. कॉम्प्युटरच्या घड्याळाने वेळ जुळवून घ्यायला बाहेर जायची परवानगी मागितली, तीही नामंजूर. ‘घड्याळाला भाईर काय काम?’ तेव्हापासून आमचा कॉम्प्युटर सगळ्या नाशिकच्या मागे चालायचा. मयूर हसायचा, मी हसायची. माझं हसू पुढे कसं उतरलं तेच सांगायचंय.

मी तेव्हा शरणपूर रोडला एका ऑफिसात होते. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर जे बोलतात, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाईप करायचं, असं काम. सोपं नव्हतं. एक टेक्सासचा डॉक्टर तर असा बोलायचा, की तोंडात सुपारी धरलीय असं वाटावं. आख्ख्या ऑफिसात तो मला एकटीला कळायचा. त्याची फाइल आली की सगळे म्हणायचे, तृप्तीकडे द्या. मला त्या कामाचा अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते.

दिवाळीनंतर कंपनीने सांगितलं, की नाशिकचं ऑफिस बंद होणार. ज्यांच्या घरची लाइन चाचणीत पास होईल, त्यांनी घरून काम करायचं. ज्यांची होणार नाही, त्यांनी पुण्याच्या ऑफिसात यायचं. जे येणार नाहीत, त्यांना नमस्कार. मयूरची नोकरी अंबडच्या कारखान्यात, तो काही हलणार नव्हता. म्हणजे लाइन पास झाली तर घर आणि काम दोन्ही, नाहीतर दोन्हींपैकी एक. मी घरात सांगून टाकलं, की काम सोडणार नाही. पुण्यात पल्लवी म्हणून माझी एक मैत्रीण खोली घेऊन राहायची, तिच्याकडे जाईन, शनिवार-रविवार येईन. सासूबाई म्हणाल्या, ‘जाय बाई, तुझं काम हाय.’ आण्णांनी पेपर तोंडापुढे धरला. पण मी जाईन म्हटलं म्हणून गैरसमज करून घेऊ नका. मला जायचं मुळीच नव्हतं. मला या घराची सवय झाली होती, त्या ‘कुठं?’ची सुद्धा.

चाचणी घेणारा मुलगा पुण्याचा, ललित नावाचा. कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होता. प्रत्येक वाक्याला ‘मॅडम’ जोडायचा. तो म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या लाइनचा इंटरनेटवरचा नंबर सांगा, मी इथून पिंग करतो मॅडम.’

पिंग म्हणजे काय, ते मी सासूबाईंना सांगितलं होतं तसंच सांगते. कुणाच्या दाराशी जाऊन ‘आहात का?’ म्हणून हाक मारायची. आतल्याने ‘आहे’ म्हणायचं. बस. आत यायचं नाही, चहा घ्यायचा नाही. अशा हाका ललित तासभर मारणार, आणि किती हाकांना ओ मिळते यावरून आमची लाइन धड आहे का नाही ते ठरवणार.

पहिल्या दिवशी त्याला एकाही हाकेला ओ मिळाली नाही.

‘मॅडम, तुमचं घर दिसतच नाही.’

‘अहो, मी इथे बसलीय. बातम्यांचं पान उघडलंय समोर.’

‘पण दिसत नाही मॅडम. तुम्ही तिथून मला पिंग करून बघा.’

मी कॉम्प्युटरला हुकूम द्यायची काळी खिडकी उघडून त्याने सांगितलं तसं टाईप केलं. उत्तर नाही. पुन्हा केलं, उत्तर नाही. मग त्याने ट्रेसराउट चालवायला लावलं. हे त्याहून गमतीचं. म्हणजे नाशिकरोडहून पिंपळगावला निघालेल्या माणसाने द्वारका चौकातून फोन करायचा, मग आडगाव नाक्यावरून, मग ओझरवरून. फोन जिथून बंद होतील, तिथे तो अडकला असं समजायचं. आमच्या माणसाचा द्वारकेवरूनच फोन नाही. पडद्यावर उत्तराच्या जागी ओळीने नुसत्या चांदण्या.

‘पहिल्याच टप्प्याला चांदण्या?’ ललित म्हणाला. ‘मग वायर गेली मॅडम, नाहीतर मोडेम.’

‘वायर गेली तर पान कसं उघडतं?’

यावर तो म्हणाला, ‘पान जुनं असेल मॅडम.’ मी त्याला आजच्या पेपरातली कांद्याच्या लिलावाची बातमी वाचून दाखवली. तो म्हणाला, लाइनमनला बोलवा.

लाइनमन गोरक्ष आला. त्याने चहा घेतला, खांबावर चढला, उतरला, पुन्हा चहा घेतला. फोन उचलून कानाला लावला, मग मलाही लावायला दिला. ‘आवाज बघा कसा खणखणीत. लाइन टकाटक आहे वहिनी. मोडेम बघा.’ मोडेमवाल्याने मोडेम उलटंपालटं केलं आणि म्हणाला, मोडेम नवंकोरं आहे, लाइन बघा. मयूरने तरी मोडेम बदलून आणलं. मी वायर बदलली, प्लग बदलला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू तर इतक्यांदा केला, की त्यालाच दया यावी. पानं झकास उघडायची आणि पिंग मेलेलं ते मेलेलंच.

शेवटी सासूबाईंनी मोडेमची दृष्ट काढली. चेष्टा नाही, खरंच काढली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन मोडेमवरून ओवाळल्या आणि गॅसवर तव्यात टाकल्या. मिरच्या जळून ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं धरतात. इथे आख्खं घर खोकत गच्चीवर पळालं. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, ‘दृष्ट नाय. दुसरं काहीतरी हाय.’ एक शक्यता कायमची निकालात निघाली. ललितच्या एकाही चाचणीने तोवर एवढं पक्कं उत्तर दिलं नव्हतं.

तुम्हाला वाटेल, ही बाई फायरवॉल कशी विसरली? विसरले नव्हते. ललितने विचारलं होतं, ‘फायरवॉल आहे का मॅडम?’ विंडोजची एक आपली स्वतःची असते, ती मी लगेच बंद केली. फरक पडला नाही. मग मी आण्णांनाही विचारलं.

‘आण्णा, तुमच्या गेटवर काही अडकलंय का?’

त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. ‘जे अडवायचं ते अडवलंय.’

‘म्हणजे काय अडवलंय?’

‘गेटवरचं गेटवर. तुझी पानं उघडत्यात ना?’

‘उघडतात.’

‘मंग?’

मलाही पटलं. पानं येतात-जातात म्हणजे दार उघडंच आहे, असा माझा हिशेब. ललितचाही तोच. एका दारातून दूधवाला आला म्हणजे पोस्टमनही येऊ शकतो, असं कुणीही धरेल. ते दार आण्णांचं आहे हे मात्र आम्ही दोघांनी लक्षात घेतलं नाही.

असे बरेच दिवस वाया गेले आणि ललित म्हणाला, ‘मॅडम, शनिवारी चार वाजता शेवटची टेस्ट. नाही झाली तर सोमवारी पुण्याला जॉइन व्हा. माझ्या हातात नाही मॅडम.’ त्याचा आवाज खरंच पडला होता. बिचारा रोज हाका मारून थकला असेल.

मी माळ्यावरची बॅग काढली. सासूबाईंनी पुण्यात काही मिळत नाही अशा समजुतीने चिवडा, शेव, मेतकूट, लसणाची चटणी असं सगळं बांधायला घेतलं. बॅगेची चेन अडकत होती. आण्णा उठले, खणातली मेणबत्ती आणली आणि चेनवर खाली-वर घासत बसले. घासून झाल्यावर दोनदा उघडून-लावून बघितली आणि बॅग माझ्यासमोर ठेवली. मला रडूच फुटलं, रागाने. म्हटलं, घरातून मी निघालेय आणि या माणसाला चेनची पडलीय. दोन दिवस त्यांनी मला ‘कुठं?’ सुद्धा विचारलं नव्हतं.

शनिवारी दुपारी जेवणं झाली. आण्णांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. ते पाहून सासूबाईंचा बांध फुटला.

‘अहो, सून चालली! काय तरी बोला! जन्मभर तोंडाला कुलूप, आता तरी काढा. पोरीला वाटंल, हिच्या जाण्याचं ह्यांना काहीच नाय.’

आण्णा ताटाकडे बघत होते. मग एकदम बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होते.

‘मी काय बोलू? मला जेवढं येतंय तेवढं केलं. घर राखलं. ह्या पुण्यावाल्यांना दारात उभं केलं नाय मी. रोज एक जण यायचा. नाव नाय, गाव नाय, नुसतं दार वाजवायचा. आधी मी आपला तेवढ्यापुरता अडवायचो. मंग एक दिवस त्याच्या नंबराफुडं इंग्रजीत ‘पुणे’ लिहिलेलं दिसलं. म्हटलं, आलं! पोरीला न्यायला आलं! तवा त्याला कायमचा बंद करून टाकला. तरी येतो. लय चिवट हाय. आपल्या घरातनंबी एक जण त्याला भेटायला भाईर निघत व्हता, त्यालाबी अडवला. म्हटलं, पुण्याचं आता ह्या घरात काही नको.’

माझ्या हातात वाटी होती. ती मी कशी खाली ठेवली ते आठवत नाही.

‘आण्णा, तो चिवट माणूस म्हणजे ललित!’

‘कोन ललित?’

‘चाचणीवाला! तो मला न्यायला येत नव्हता. मी घरून काम करू शकते का, ते बघायला येत होता. तुम्ही ओ देऊ दिली नाही म्हणून मला जावं लागतंय! आणि घरातून बाहेर जात होते ते माझे पिंग होते! माझे!’

मी ओरडले. सासऱ्यांवर ओरडायची ती माझी पहिलीच वेळ. गोरक्ष खांबावर चढला तेव्हा हे बघत होते. मोडेम बदललं तेव्हा बघत होते. आख्खं घर मिरचीने खोकलं तेव्हा हेही आमच्याबरोबर गच्चीवर खोकत होते. आणि बोलले नाहीत, कारण गेटवरचं गेटवर! माझा इतका संताप झाला, की भांडी आपटावीत असं वाटलं.

आण्णांनी चष्मा काढला.

‘म्हंजी मीच तुला पुण्याला धाडत व्हतो?’

त्यांचा आवाज असा झाला, की माझा राग जागच्या जागी विरला. सासूबाई पदराने तोंड पुसायला लागल्या. त्या रडत होत्या का हसत होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, ‘आण्णा, चार वाजायचेत अजून. उघडा.’

ते खुर्चीत जाऊन बसले. आम्ही न सांगता तोंड फिरवलं, त्यांनी पासवर्ड टाकला. मग बोट तसंच बटणावर ठेवून थांबले.

‘त्याला फोन लाव.’

‘कशाला आता? नुसतं सोडा म्हटलं की झालं.’

‘चूक माझी झाली म्हणून गेट कुणालाबी मोकळं करायचं का? लाव फोन.’

त्यांच्या गेटवरची माणसं तीस वर्षं कशी ताटकळली असतील, ते मला त्या क्षणी कळलं. मी ललितला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

‘ललित, आमचे सासरे बोलतायत. फायरवॉल त्यांच्याकडे आहे. विचारतील त्याची उत्तरं द्या.’

‘कोण आहे मॅडम?’

‘नाव सांगा,’ आण्णा म्हणाले.

त्याने नाव सांगितलं.

‘पुरं.’

त्याने आडनावासकट, वडिलांच्या नावासकट सांगितलं.

‘गाव?’

‘पुणे.’

‘राहता ते नाय. गाव.’

‘नांदगाव, काका.’

‘नांदगावचा हायेस आणि आपल्याच जिल्ह्यातली पोरगी पळवतोस?’ आण्णा म्हणाले. ललित काहीतरी पुटपुटला. त्यात मॅडम नव्हतं एवढंच मला कळलं.

‘नंबर सांग. कुठनं येणार तो.’

ललितने आकडे सांगितले. आण्णा पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवत गेले. मध्येच त्यांनी एक आकडा पुन्हा सांगायला लावला. घड्याळात पाहिलं तर चार वाजत आलेले. कॉम्प्युटरचं घड्याळ अर्थातच साडेतीनच दाखवत होतं, त्यामुळे आण्णांना मुळीच घाई नव्हती.

‘आत काय घेऊन येणार?’

‘काही नाही काका. नुसतं विचारणार, आहे का म्हणून. तुमच्याकडून ‘आहे’ आलं की झालं.’

‘कुणाकडं काम?’

‘तृप्ती मॅडमकडे.’

‘आन् जाताना भाईर काय नेणार?’

‘काहीच नाही.’

‘नीट सांग. भाईर जाताना मी जास्त तपासतो.’

‘खरंच काही नाही काका.’

आण्णा फोनकडे वाकले. त्यांनी आवाज एकदम खाली आणला, जणू मी खोलीत नव्हतेच.

‘सून तर नेणार नाय ना माझी?’

ललित अगदी सावकाश म्हणाला, ‘नाही काका. तुम्ही सोडलंत, तर त्या घरीच राहतील.’

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सोडा हे बटण दाबलं, छोट्या चौकोनात खूण केली, आणि आमचा जो बाहेर निघालेला अडवला होता तोही सोडला. मग हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसले. सासूबाई देवघरापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मयूर कारखान्यातून लवकर येऊन दारात थबकला होता, एक पाय अजून चपलेत. फोनमधून ललितचं की-बोर्ड वाजवणं ऐकू येत होतं.

‘आलं,’ तो म्हणाला. ‘मॅडम, आलं! परत आलं. सगळे येतायत मॅडम. एकही हरवत नाही. काय सुंदर लाइन आहे तुमची! तासभर राहू दे असंच, पण मी सांगतो, पास आहे. सोमवारी येऊ नका. फाइली घरीच पाठवतो. टेक्सासवाल्याच्या साठल्यात सगळ्या.’

मी बॅगेकडे बघितलं, चिवड्याच्या पिशव्यांकडे बघितलं, आणि हमसून रडायलाच लागले. चाचणीत पास झालेली बाई इतकी रडते हे ललितला कुठून माहीत असणार? तो घाबरला.

‘हॅलो? मॅडम? तृप्ती मॅडम, आहात ना?’

मी मान हलवत होते. फोनवर मान हलवून काय उपयोग? आण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला.

‘आहे,’ ते म्हणाले. ‘हितंच आहे.’